नातेवाईकासह

भिकननं शर्टाचा खिसा तिसऱ्यांदा चाचपला, मग पँटचे दोन्ही, मग पुन्हा शर्टाचा. तंबाखूची डबी होती, रुमाल होता, सकाळचं साक्री-धुळे एस.टी.चं तिकीट होतं. फोन नव्हता.

"काका, ओटीपी सांगा ना," संगणकावरून नजर न काढता ललित म्हणाला. "आला असेल आत्तापर्यंत. सहा आकडी आहे."

"आबा, फोन कोठे शे?" मयुरीनं विचारलं.

खिशाला काय विचारायचं होतं, उत्तर भिकनला ठाऊक होतं. रात्रभर गेलेली लाइट सकाळी सहाला आली. फोन दाराजवळच्या देवळीत चार्जिंगला लावला. घरात रेंज तेवढ्या देवळीतच येते. मग गाडी फाट्यावर हॉर्न द्यायला लागली आणि बापलेक कागदांची थैली घेऊन पळत सुटले. पळताना कागद सतरांदा मोजले, दहावीचं गुणपत्रक, दाखला, उत्पन्नाचा, रहिवासाचा, सगळं जागच्या जागी होतं. फोन देवळीत राहिला.

"घर राहिना," भिकन म्हणाला.

ललितचे हात थांबले. कॉलेजच्या फाटकासमोर दोन खाटा मावतील एवढं त्याचं दुकान. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, फोटो. असली गिऱ्हाइकं त्यानं पाहिली नव्हती असं नाही, पण वेळ पाहून त्याचाही चेहरा उतरला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"काका, आज पाचच्या आत जागा स्वीकारली नाही तर ती पुढच्या मुलाला जाते. आणि ओटीपी तीनदाच पाठवतं. एक गेला आत्ता. दहा मिनिटं चालतो तो. तिसरा वाया गेला की उद्यापर्यंत खातं बंद."

"आनि उद्या?"

"उद्या बंद काय, उघडं काय, सारखंच."

मयुरीचं नाव पहिल्याच यादीत लागलं होतं. सरकारी पॉलिटेक्निक, सिव्हिल. दोन वर्षांपूर्वी गावाजवळचा महामार्ग रुंद करायला माणसं आली, तिवईवर दुर्बीण लावून मापं घेऊ लागली. त्यांच्यात एक हेल्मेट घातलेली पोरगी होती. तिनं मयुरीला दुर्बिणीतून पाहू दिलं. मयुरीला लांबवरच्या लिंबाच्या फांदीवरचा होला दिसला, त्याच्या मानेवरच्या ठिपक्यांसकट. त्या दिवसापासून पोरीनं दुसरं नाव घेतलं नाही. तपासणीच्या रांगेत सकाळचे नऊ ते दुपारचे तीन गेले, तिथं सगळे कागद पास झाले. उरलं होतं ते एवढंच. साक्रीच्या दुकानदारानं फॉर्म भरताना चिठ्ठीवर लिहून दिलेला पासवर्ड चालेना, म्हणून ओटीपी. आणि ओटीपी जाणार फॉर्मात लिहिलेल्या नंबरावर. घरात एकच फोन, एकच नंबर.

ललितनं स्वतःचा फोन पुढे केला. भिकननं आपलाच नंबर दाबला. रिंग गेली. वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पन्नास-साठ किलोमीटरवर, बंद दाराआड, देवळीत तो फोन एकटाच वाजत असणार. भिकनची बायको लिलाबाई सकाळीच शेजारच्या झुलालच्या वावरात निंदायला गेली होती. कपाशीत गवत मातलं होतं. पाचच्या आत ती काही घरी येत नाही.

"दुसऱ्या कोणाचा नंबर?" ललितनं विचारलं. "शेजारी, भाऊबंद?"

भिकननं आठवून पाहिलं. झुलालला तो दिवसातून दोनदा फोन करायचा. धाकटा भाऊ नाशिकला, मेव्हणा पिंपळनेरला. सगळ्यांची नावं डोळ्यांपुढे येत होती, नावांपुढे एक आकडा येत नव्हता. सगळे आकडे त्या देवळीत पडले होते.

"तुले?" त्यानं मयुरीला विचारलं.

तिनं मान हलवली. तिला पाठ असलेला एकमेव नंबर बापाचाच होता.

बस पकडून घरी जावं, तर साक्रीलाच पाच वाजायचे. भिकन पायरीवर येऊन बसला. सवयीनं डबी काढली, चिमूट तळहातावर घेतली, चोळली, आणि तशीच मातीत झाडून टाकली.

डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. दिवाळीत तो नखाएवढा होता. आता तोंड दीड बोटाच्या वर उघडत नव्हतं. गरम चहा लागला की डोळ्यांत पाणी यायचं. दोन महिन्यांपूर्वी खत आणायचं निमित्त काढून तो धुळ्याला एका दवाखान्यात जाऊन आला, आणि मागल्या आठवड्यात बी-बियाण्याचं निमित्त काढून पुन्हा. दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. "बरोबर कोण आहे?" दोन्ही वेळा त्यानं विचारलं, आणि दोन्ही वेळा भिकन म्हणाला, "बाहेर बसेल शेतस." बाहेर बाकावर त्याची पिशवी बसलेली असायची. रिपोर्ट आला की मेसेज येईल, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. सोमवार-मंगळवारकडे. आज मंगळवार होता.

घरात कुणाला काही सांगायचं नव्हतं. आधी पोरीचं ॲडमिशन होऊ दे, मग पाहू, असं त्यानं स्वतःला बजावून ठेवलं होतं. म्हणून दोन महिने त्यानं फोन हातावेगळा केला नव्हता. मोरीत जाताना नेला, वावरात नेला, झोपताना उशीखाली घेतला. लिलाबाईची त्याला फारशी भीती नव्हती. ती लहानपणी शाळेत गेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी शाळेत बायांचा साक्षरता वर्ग सुरू झाला, तिथं ती संध्याकाळी जाऊन बसायची. मार्चमध्ये परीक्षा देऊन आली तेव्हा भिकननं हसून विचारलं होतं, तीन तास काय लिहिलं. "नाव," ती म्हणाली होती. नोटांवरचे, गाडीवरचे, सिलिंडरच्या पावतीवरचे आकडे तिला कळायचे. अक्षरं नाही. निदान भिकनच्या हिशेबी नाही.

आणि नेमका आजच फोन घरी राहिला. भिकनला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"आबा!" आतून मयुरी ओरडली. "थैली!"

ती कागदांची थैली दोन्ही हातांनी ताणून उभी होती. दिवाळीला सुकदेवनं गिऱ्हाइकांना वाटलेली पिवळी कापडी थैली. 'सुकदेव किराणा अँड जनरल', खाली गावाचं नाव, त्याखाली नंबर. सकाळपासून बापलेक तो नंबर काखेत घेऊन फिरत होते. शेवटचा आकडा धुण्यात विटला होता, तीन की आठ कळेना. तीन लावला तर कुणी बाई हिंदीत वैतागली. आठ लावला आणि पलीकडून सुकदेवचा खणखणीत आवाज आला.

"कोन बोली राहिनं?"

"मी भिकन. धुयाथीन. आरे मना फोन घर राहिना, देवळीमा..."

त्यानं घाईघाईत सगळं सांगितलं. सुकदेव मोठ्या मनाचा माणूस. कुणाच्याही अडीनडीला धावणारा. आणि धावता धावता ती अडनड गावभर सांगणारा.

"इतलंच ना? मी जास तुना घर. कडीच लायेल ऱ्हास ना? फोन लेस, मेसेज उघाडस, वाची दाखाडस. दोन मिनिटनं काम."

भिकनच्या डोळ्यांपुढे सुकदेवचा जाडा अंगठा आला, मेसेजच्या यादीवरून वरखाली फिरणारा. दवाखान्याचं नाव ठळक अक्षरांत. रात्री पारावर, उद्या चक्कीवर. पोरीच्या कानावर, लिलाबाईच्या कानावर, सगळ्यांच्या तोंडून.

"नको!"

दुकानातली झेरॉक्सवाली दोन पोरं वळून पाहू लागली. भिकननं आवाज खाली आणला.

"तू नको. लिलाले बलाव. झुलालना वावरमा शे ती, नालापलीकडे."

"आरे, ती काय वाचाव?"

"आकडा कळतस तिले. तू फक्त बलाव. फोनले हात नको लावू."

सुकदेवला लागलं असावं. मग "बरं भाऊ" म्हणून त्यानं फोन ठेवला.

मयुरी बापाकडे बघत होती.

"सुकदेवकाका दोन मिनिटमा वाची देता, आबा."

"आपला फोनले लोकंसनी काबरं हात लावाना?" भिकन म्हणाला, आणि ते बोलणं त्याच्याच कानाला खोटं लागलं. त्याच फोनवरून अर्ध्या गल्लीनं पोरांचे निकाल पाहिले होते.

मयुरी बाकावर जाऊन बसली. तिनं थैलीतले कागद बाहेर काढले, क्रमानं लावले, आत ठेवले. पुन्हा बाहेर काढले. रडली असती तरी बरं, असं भिकनला वाटलं. पोरगी मुळात रडकी नव्हतीच. ती नुसती घड्याळाकडे बघायची आणि कागदांच्या कडा जुळवायची.

साडेतीन झाले. पावणेचार झाले. ललितनं मधल्या वेळात तिघांचे फॉर्म भरले, एकाचे फोटो काढले. दर पाच मिनिटांनी तो न सांगता भिकनचा नंबर लावायचा, कानाला धरायचा, मान हलवायचा. भिकन मनातल्या मनात त्या वाटेनं चालत होता. दुकानातून नाल्यापर्यंत, नाल्याच्या मोरीवरून पलीकडे, झुलालच्या बांधावर. तिथं हाक मारायची. लिलाबाई कंबर सरळ करणार, पदरानं तोंड पुसणार. मग तेवढंच परत. इतका वेळ लागतो? की सुकदेव रुसून गल्ल्यावरच बसून राहिला? रुसला तरी त्याचा काय दोष होता?

चार वाजून दहा मिनिटांनी एक मुलगा आईबरोबर दुकानात आला. त्याचं नाव प्रतीक्षेत होतं. सिव्हिलचीच जागा हवी होती. "पाचनंतर कळेल, कुणी सोडली तर," ललित त्यांना म्हणाला आणि चटकन गप्प झाला. बाई बाकावर मयुरीशेजारीच बसली, पोराच्या पाठीवर हात ठेवून. मयुरीनं सरकून तिला जागा करून दिली.

भिकनला ते पाहवलं नाही. एक चट्टा लपवण्यासाठी आपण पोरीची जागा घालवतोय. हे त्याला इतकं लख्ख दिसलं की गालातली आगही क्षणभर जाणवेनाशी झाली. कळू दे गावाला. पारावर फळा लावू दे सुकदेवला. तो उठून ललितच्या टेबलाशी गेला.

"सुकदेवले लावा. त्यालेच वाचू द्या."

फोन सुकदेवच्या बायकोनं उचलला. "त्या तर कव्हयना गयात झुलालभाऊना वावरकडे. फोन अठेच इसरी गयात."

ललितला हसू आलं, त्यानं ते गिळलं. भिकन फोन हातात धरून नुसता उभा राहिला. मग त्यानं पुन्हा एकदा आपला नंबर दाबला. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो."

लिलाबाईला धाप लागली होती. पळत आली असावी.

"आहो, बोला ना. सुकदेवभाऊनी सांगं माले. काय वाचनं शे?"

"सुकदेव शे तठे?"

"व्हता. म्हने मी वाची देस. मी म्हंतं, तुमनं गिऱ्हाईक खोळंबी जाई, जा तुम्ही. त्याले दुकानवर धाडी दिन्हं."

भिकनला हायसं वाटलं. काबरं धाडलं, हे विचारायला वेळ नव्हता. घड्याळात चार तेहतीस झाले होते. ललितनं बोटानं खूण करून विचारलं आणि बटण दाबलं. दुसरा.

"ऐक. आते एक मेसेज येई. पहिले ते कुलूप उघाडनं पडी. नऊ टिपका दिखतीन, त्यामा वरना टिपकाथीन बोट खाले..."

"उघाडेल शे. आवाज बी मोठा करा मी. तुम्ही बोला."

खरंच तिनं स्पीकर लावला होता. पलीकडे शेजारची शेळी ओरडली ती दुकानात ऐकू आली. भिकनला चुटपुट लागली, पण तीही नंतरसाठी ठेवावी लागली.

"उना का?"

"नही."

मिनिट गेलं. दोन गेली. डोंगराकडची रेंज. कधी असते, कधी नसते.

"उना का वं?"

"नही ना. येताच सांगस."

नऊ मिनिटं ती फोनवर होती आणि कुणीही बोलत नव्हतं. इकडे ललित, मयुरी, प्रतीक्षेतला मुलगा, त्याची आई, सगळे टेबलावरच्या त्या फोनकडे पाहत होते. मधेच लिलाबाई म्हणाली, "मयुरी, तू जेवनी का?" मयुरी "हा" म्हणाली. ती सकाळपासून उपाशी होती.

"चार बेचाळीस," ललित म्हणाला. "हा गेला समजा. आता शेवटचा. पाठवू?"

कुणाला विचारत होता कोण जाणे. भिकननं पोरीकडे पाहिलं. पोरगी म्हणाली, "धाडा, सर."

ललितनं बटण दाबलं आणि दुसऱ्याच क्षणी पलीकडून फोन टुण्णकन वाजला.

"उना!" लिलाबाई म्हणाली. "सांगू?"

"थांब थांब," ललित खुर्चीतून अर्धा उठला. "मावशी, हा आधीचा असेल. आधीचा टाकला तर चुकेल. थांबा. दुसरा येईल."

प्रतीक्षेतल्या मुलाच्या आईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. तिला नक्की काय हवं असेल ते तिलाच ठाऊक. मग पुन्हा टुण्णकन आवाज झाला.

"दोन व्हई गयात," लिलाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम स्थिर झाला होता. "एक च्यार त्रेचाळीसना शे. दुसरा च्यार सेहेचाळीसना. कोनता सांगू?"

"सेहेचाळीसचा!" ललित आणि मयुरी एकदमच म्हणाले.

"सात. शून्य. च्यार. परत च्यार. एक. नऊ."

ललितची बोटं तिच्यामागून पळाली. पडद्यावर एक चाक गरगरत राहिलं, थांबलं, पुन्हा गरगरलं. मग हिरवी पट्टी आली. 'आपली जागा निश्चित झाली आहे.'

मयुरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आता ती रडली. प्रतीक्षेतल्या मुलाची आई उठली, तिनं जाता जाता मयुरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पोराला घेऊन पायरी उतरून गेली. प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर काढू लागला.

"व्हयनं का?" टेबलावरून लिलाबाई विचारत होती. "आहो, व्हयनं का?"

"व्हयनं," भिकन म्हणाला. "व्हयनं वं. तू वाचाडं आमले."

पलीकडून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आखो एक मेसेज येल शे. दुपारना. तो तुम्ही घर उनात का सांगसू."

फोन बंद झाला.

भिकननं ललितचा फोन त्याच्यासमोर ठेवला. नीट ठेवला, टेबलाच्या कडेपासून आत. मग बाकावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. ललितला वाटलं, जागा मिळाल्याच्या आनंदात असेल.

गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. मयुरी कागद मांडीवर ठेवून, त्यावर हात ठेवून बसली होती. कुसुंबा गेलं, नेर गेलं, ती बोलत होती. हॉस्टेल, गणवेश, ड्रॉइंगचा बोर्ड. भिकन हुंकार भरत होता. गाडी बरीच पुढे गेल्यावर त्यानं बाहेर बघतच विचारलं.

"तुनी माय... आकडाच वाचस ना?"

"कोन, आई?" मयुरी हसली. "आबा, ती पेपर वाचस रोज. भजीना पुडानाबी वाचस. पहिले हळू वाचे, आते फटाफट."

"कव्हय वाचस? माले नही दिखनी."

"तुम्ही घर नही ऱ्हातस तव्हय."

"माले कोनी सांगं नही."

"तुम्ही कव्हय इचारं?" मयुरी म्हणाली. ती रागानं म्हणाली नव्हती. पुन्हा कागदाकडे पाहू लागली.

ते घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मयुरीनं आईला मिठी मारली, साखरेची वाटी भरून घेतली आणि झुलालच्या घरी, सुकदेवच्या दुकानी, गल्लीत सगळीकडे द्यायला पळाली. सुकदेवला दोन मुठी दे, असं भिकननं तिला मागून ओरडून सांगितलं.

फोन देवळीत नव्हता. चुलीजवळ, पाटाशेजारी पालथा ठेवला होता.

लिलाबाईनं ताट वाढलं. फुनके आणि कढी. डाळ वाटून वाफवलेले मऊ फुनके, हातानं कुस्करावेत असे. बाजूला भाकर. चटणी नाही, ठेचा नाही, तळलेली मिरची नाही. भिकननं एक फुनका कढीत बुडवून उजव्या बाजूनं तोंडात घातला. तिखटाचा पत्ता नव्हता. कढी कोमट होती. गेले दोन महिने असंच चाललं होतं. वांग्याचं भरीत केलं तर ते पांढरं, शेवेची भाजी केली तर ती पिवळी. खान्देशात असं जेवण बाळंतिणीला देतात. तोंडाला ते बरं वाटायचं, म्हणून मनातून तो सुटल्यासारखा व्हायचा. पण वरवर कुरकुर करायचाच, नाहीतर शंका आली असती. आणि दर वेळी लिलाबाई म्हणायची, मिरच्या सरल्या. बाजारात चांगल्या नाहीत. पुढल्या आठवड्यात आणू.

"आज बी मिरच्या नहीत का?" त्यानं विचारलं. सवयीनंच विचारलं.

लिलाबाई चुलीतलं लाकूड मागे ओढत होती.

"फळीवर डबा शे," ती म्हणाली. "काढी ल्या."

भिकन उठला. फळीवरच्या पितळी डब्याला त्यानं हात घातला आणि तो एका हातानं निघेना. दोन्ही हातांनी खाली घेतला. झाकण उघडलं. लाल मिरच्या काठापर्यंत भरल्या होत्या, देठासकट, उन्हाळ्यात वाळवून भरल्या तशाच. एकही काढलेली नव्हती. नुसत्या वासानं त्याच्या गालात आग उठली.

त्यानं झाकण लावलं. डबा परत फळीवर ठेवला. पाटावर येऊन बसला, पण ताटाला हात लावला नाही.

"कव्हयपाइन?" त्यानं विचारलं.

"दवाखानाना पहिला मेसेज उना तव्हय. तुम्ही आंग धोवाले बसेल व्हतात, फोन मोरीना दगडवर ठेयेल व्हता. मी टावेल देवाले उनी."

दोन महिने. खत, बी-बियाणं, उशीखालचा फोन. सगळं तिनं पाहिलं होतं आणि आपली चटणी तेवढी बंद केली होती.

"सांगं काबरं नही?"

"तुम्ही सांगशात म्हनीसन," ती म्हणाली. "वाट देखी राहिंती."

बाहेर गल्लीत मयुरीचा आवाज येत होता. कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं, ती हसून सांगत होती, सात, शून्य, चार, चार. लिलाबाईनं हात पदराला पुसले, फोन उचलला, बोट फिरवून उघडला. चुलीच्या उजेडात तिनं तो थोडा लांब धरला. मग बायांच्या वर्गात वाचायला लावत असतील तशी, एक एक अक्षर सुटं करत, शाळेतल्या मराठीत ती वाचू लागली.

"आपला तपासणी अहवाल आला आहे. गुरुवारी सकाळी दहा वाजता..." ती थांबली. पुढचा शब्द तिला येत होता, दुपारपासून तिनं तो कितीदा वाचला असेल. तरी तिनं त्यावर बोट ठेवलं. "ना-ते-वा-ई-का-सह... भेटावे."

तिनं फोन त्याच्या ताटाजवळ ठेवला.

"कोनले लई जाशात?" तिनं विचारलं.

भिकननं उत्तर द्यायला तोंड उघडलं. दीड बोट उघडलं, तेवढंच. मग त्यानं फोन उचलला आणि जमिनीवरूनच तिच्याकडे सरकवला.

"आते तुनाजोडेच राहू दे."

लिलाबाई उठली. देवळीपाशी जाऊन तिनं फोन चार्जिंगला लावला, लागला की नाही ते वाकून पाहिलं. परत येऊन बसली, आणि त्याच्या ताटातली भाकर घेऊन कढीत बारीक कुस्करू लागली.